नारिंगी लोकर आणि खैरानचा सोबैती

आजवर कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट आधी सांगून टाकतो. कुवेतच्या दक्षिणेला, खैरानच्या खाडीत, मी एकदा मोठा सोबैती मासा पकडला होता. स्वतः बांधलेल्या माशीवर पकडला, असं सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. त्या माशीच्या गळाला मी गुपचूप कोळंबीचा तुकडा लावला होता.

एवढंच? असं कुणीही म्हणेल. एवढंच असतं तर मीही विसरून गेलो असतो.

माशी म्हणजे काय ते सांगायला हवं. गळाला पिसं, केस, लोकर, दोरा गुंडाळून एखादा जीव असल्याचा भास तयार करायचा, आणि तो जड दोरीच्या झोक्याने पाण्यात टाकायचा. खायचं असं त्यात काहीच नसतं. मासा फसतो तो तुमच्या हाताच्या कसबाला. नाशिकला गंगापूर धरणावर कणकेचा गोळा लावून बसणाऱ्या माझ्यासारख्याला हा सगळा प्रकार चोचले वाटायचा. पण खेळ असा की आमिष लावलं की तो खेळ उरतच नाही. मी तेच केलं होतं.

हे मला शिकवलं विलास पेडणेकरने. मी तिथे पेट्रोकेमिकलच्या एका प्लँटवर इंजिनियर होतो आणि तो एका हॉस्पिटलात टेक्निशियन. हृदयाच्या नळीत बारीक तार सरकवतात त्या विभागात, डॉक्टरच्या खांद्याला खांदा लावून उभा राहणारा. मूळचा मालवणचा, म्हणजे गरवणं, गळाने मासे धरणं, त्याच्या रक्तात. पण माशीचं वेड त्याला लावलं ग्लेन नावाच्या कॅनडाच्या सहकाऱ्याने. हा ग्लेन त्याच्या गावी भर हिवाळ्यात छातीभर पाण्यात उभा राहून स्टीलहेड धरायचा. स्टीलहेड म्हणजे नदीत जन्मून समुद्रात जाणारा आणि थोराड होऊन पुन्हा नदीत परतणारा ट्राउट. कुवेत सोडताना ग्लेनने आपली गळाची काठी विलासला दिली आणि सोबत चार गोष्टी सांगितल्या. हिवाळ्यातला मासा आळशी असतो, तो पाठलाग करत नाही, घास त्याच्या ओठांशी न्यावा लागतो. पाणी गढूळ असेल तर माशी मोठी आणि ठळक, निवळ असेल तर लहान आणि फिकी. तळाशी पोचत नसेल तर कितीही सुंदर बांधलेली माशी फुकट.

विलासने हे सगळं कुवेतच्या हिवाळी सोबैतीला लावून पाहिलं. सोबैती हा आपल्या पालूच्या जातीतला, पण अंगाने दांडगा. थंडीत किनाऱ्याजवळ येतो.

माझा करार वाढवणार नाही असं कंपनीने सांगितल्यावरचा तो हिवाळा होता. परतण्याआधी आम्ही एकदा खैरानला गेलो. सकाळभर माझी माशी माझ्याच कॉलरमध्ये अडकत होती. विलास चहा आणायला गाडीकडे गेला. शेजारच्या खडकावर कुणीतरी कोळंब्या टाकून गेलं होतं. त्यातली एक मी सोलली. विलास थर्मास घेऊन परतला तेव्हा माझी काठी वाकलेली होती. मासा बाहेर आला तेव्हा त्याच्या ओठात फक्त नारिंगी लोकर दिसत होती.

"ह्या लोकरीच्या बोंडुकल्यावर?" विलास म्हणाला.

"ह्याच्यावरच," मी म्हणालो.

महबूला

यंदाच्या जानेवारीत पुन्हा कुवेतला गेलो. विलास निवृत्त होऊन कायमचा मालवणला परतणार होता. "आवराआवरीला ये," फोनवर म्हणाला. "एकदा खैरानला जाऊ. मग मी काठी ठेवून देणार."

कोकमाच्या आगळाची बाटली बॅगेत फुटली. कस्टमच्या पोरसवदा अधिकाऱ्याने माझा लालभडक झालेला सदरा दोन बोटांत उचलून धरला आणि विचारलं, "दम?" अरबीत दम म्हणजे रक्त, एवढं मला आठवत होतं, पण कोकमाला अरबीत काय म्हणतात ते कधीच माहीत नव्हतं. मागच्या ओळीतल्या एका मल्याळी नर्सने "जूस, जूस" म्हणत सोडवलं. त्याने सदरा हुंगला, शिंकला आणि जाऊ दिलं.

बाहेर विलास उभा होता. "खून करून इलंस काय रे, नाशिककर?" म्हणाला आणि मिठी मारली. पाठीवर थाप मारणारा त्याचा उजवा हात हलत होता. थाप थांबल्यावरही हलत होता.

महबूलाच्या त्याच्या फ्लॅटमधून दोन इमारतींच्या फटीत समुद्राची एक उभी पट्टी दिसते. घर खोक्यांनी भरलेलं. शुभांगीवहिनी ड्यूटीवरून आल्या त्या युनिफॉर्मवरच स्वयंपाकाला लागल्या. तळलेली झुबैदी होती. झुबैदी म्हणजे आपलं पापलेटच, पण कुवेती माणूस त्याचं नाव घेताना आवाज खाली आणतो, आपण घरातल्या वडीलधाऱ्यांचं नाव घेताना आणतो तसा. वाचलेल्या आगळाची सोलकढी होती. पेले अर्धेच भरले होते. मी आपला पुन्हा पुन्हा मागत राहिलो. मग लक्षात आलं की ह्या घरात आता चहाचा कप, पाण्याचा पेला, आमटीची वाटी, सगळंच अर्धं भरायची रीत पडली आहे.

विलास झोपल्यावर वहिनी भांडी पुसता पुसता बोलल्या. कंपाचा आजार आहे, जिवाला धोका नाही. पण त्याने स्वतःहून त्या विभागातून बदली मागून घेतली. "कोणी सांगूक नव्हता. स्वतःच गेले आणि म्हणाले, माका मशिनांच्या स्टोअरात बसवा."

"आणि गरवणं?"

"तां पण सोडतत. मालवणाक घरासमोर खाडी आसा, भावजी. आयुष्यभर त्या खाडीचा सपान बघितल्यांनी. आता म्हणतत, हातच रवलो नाय. मी म्हटलंय, हात तर आत्ता आत्ता थरथरता. तर म्हणतत, नाय, आधीपासूनच नव्हतो. नाशिककराच्या माशीवर त्याका लागलो, ग्लेनाक लागलो, माका एकदाय नाय."

ग्लेनची गोष्ट खरी होती, आणि तीच मला सगळ्यात जाचत होती. माझ्या माशाचा फोटो विलासने त्याला पाठवला होता. ग्लेनने तशीच नारिंगी माशी बांधून आपल्या नदीत टाकली आणि तिच्यावर त्याला स्टीलहेड लागला. स्टीलहेडला नारिंगी आवडतो म्हणे. फोटोखाली त्याने लिहिलं होतं की नाशिकच्या माणसाला माझा सलाम सांग. तेव्हापासून त्या माशीचं नावच पडलं 'नाशिककर'. विलासने आपल्या साऱ्या माशा बाजूला सारल्या आणि दर हिवाळ्यात माझीच टाकत राहिला. तिच्यावर सोबैती लागायचं काही कारणच नव्हतं.

वहिनींनी शेवटची ताटली पुसून ठेवली. "तुम्ही त्यांका एकदा परत बांधून दाखवा. तुमचा ऐकतत ते. त्यांच्या हातान एक मासो लागूंदे, इतक्याच म्हणतंय मी. मग काय ठेवचा ता ठेवूंदेत."

मी हो म्हणालो. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मी पाणी पिऊन झोपायला गेलो.

शुक्रवारचा बाजार

कुवेतला आलेल्या माणसाला लोक मॉल दाखवायला नेतात. मी म्हणेन, शुक्रवारच्या बाजारात जा. वापरलेले सोफे, गालिचे, गॅसच्या शेगड्या, आणि त्यांच्या पलीकडे पाखरांचा बाजार. कोंबड्या, कबुतरं, मोर, पट्ट्यावर बांधलेले ससाणे. थंडीमुळे गिऱ्हाइकं जाड लोकरीचे दगले घालून फिरत होती आणि एका कोपऱ्यात वाळवंटातल्या पावसानंतर उगवणारे फगा, म्हणजे बटाट्यासारखे दिसणारे कंद, टोपलीत मांडून एक म्हातारा बसला होता. विलासने मला ते हुंगायला लावले. ओल्या मातीत मशरूम कुस्करल्यासारखा वास. दर ऐकून आम्ही दोघांनी टोपली परत नीट लावून दिली.

पाखरांच्या एका बांगलादेशी दुकानदाराने विलासला लांबूनच ओळखलं. "भाईजान, आज पर नहीं लेना?" इतकी वर्षं विलास त्याच्याकडची गळालेली पिसं वेचून न्यायचा. दुकानदाराला वाटायचं, हा हॉस्पिटलवाला औषध करतो.

"आज नहीं. वतन जा रहा हूँ."

त्याने ऐकून घेतलं आणि पिंजऱ्याखालून मूठभर पिसं गोळा करून कागदात बांधून दिली. "उधर भी बीमार लोग होगा," म्हणाला.

तिथून हवल्लीला, लोकरीच्या दुकानांत गेलो. विलासला माझ्या मूळ लोकरीची नेमकी छटा हवी होती. ती मी जुन्या स्वेटरची उसवली होती आणि स्वेटर कधीच फेकून दिला होता. विलासने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला तिचा तुकडा काढला आणि तीन दुकानांत लडीशेजारी धरून पाहिला. उन्हात नेऊन पाहिला. "ही जरा लाल मारते. मागच्या वेळी हीच चूक झाली," म्हणाला. लोकरीच्या दुकानात बायकांच्या गर्दीत एक पन्नाशी उलटलेला माणूस माझ्या खोटेपणाची छटा जुळवत होता आणि मी शेजारी पिशव्या धरून उभा होतो.

संध्याकाळी टेबलावर माशी धरायचा लोखंडी चिमटा मांडला. तो देऊन टाकायच्या खोक्यातून काढावा लागला. "दाखव," विलास म्हणाला.

मी गळ चिमट्यात लावला, लोकर गुंडाळली, दोरा फिरवला. पहिल्या खेपेला जमलं नव्हतं, आता तर बोटंही विसरली होती. माशी एका बाजूला कलली, दोऱ्याचं टोक लोंबत राहिलं. सर्दी झालेल्या भोवऱ्यासारखं काहीतरी तयार झालं.

विलास चष्मा वर करून जवळून पाहत होता. "हां," शेवटी म्हणाला. "हे बघ. हेच मला जमत नाही."

"काय?"

"हा ढिसाळपणा. मी फार घट्ट बांधतो. फार चापूनचोपून. पाण्यात तिला हलायलाच मिळत नाही." मग त्याने माझ्यासारखी वाईट माशी बांधायचा प्रयत्न केला. हात थरथरत असूनही ती नीटच झाली. त्याने ती चिमट्यातून काढली, ब्लेडने उसवली आणि पुन्हा बांधायला घेतली.

मी बाल्कनीत जाऊन त्या उभ्या पट्टीतला समुद्र पाहत राहिलो.

खैरान

पहाटे निघालो. फाहाहील मागे पडलं की रिफायनरीच्या ज्वाळा दिसायला लागतात. पूर्वी मी ह्याच रस्त्याने प्लँटवर जायचो. आता तिथे नवं कुंपण होतं आणि मला काहीच वाटलं नाही, ह्याचं थोडं वाईट वाटलं. पुढे वाळवंटात कुवेती कुटुंबांचे थंडीचे तंबू. आपण सुट्टीत गावाकडच्या घरी जातो, हे लोक पक्की घरं सोडून तंबूत जातात आणि तिथेही जनरेटर लावून टीव्ही बघतात. वाटेत टपरीवर वेलदोड्याचा करक चहा घेतला. विलासने कप अर्धाच भरायला सांगितला आणि पैसे पूर्ण दिले.

खाडीच्या तोंडाशी भरती चढत होती. वारा उत्तरेचा, कानाला चावणारा. नाशिकची थंडी माझ्या ओळखीची आहे, पण ती कोरडी असते, ही मिठाची होती. पाण्यात उतरताना चिखलाने माझी एक चप्पल गिळली. हात घालून शोधली तर दुसऱ्याच कुणाची तरी बुटांची जोडी वर आली.

"तीच घाल," विलास म्हणाला. "दैव देतंय तर घे."

शेजारच्या खडकावर एक कुवेती म्हातारा फोल्डिंग खुर्ची टाकून बसला होता. डोक्याला गुत्रा घट्ट गुंडाळलेला, पायाशी गहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, किटली. अबू सालेम, त्याने स्वतःच नाव सांगितलं. आम्हाला बोलावून खजूर आणि चिमुकल्या पेल्यात कडू कॉफी दिली. विलासच्या दोरीच्या टोकाला काय आहे ते पाहायला मागितलं. विलासने नारिंगी माशी त्याच्या तळहातावर ठेवली.

"ताम वेन?" आमिष कुठे आहे?

"मा फी ताम," विलास म्हणाला. आमिष नाही.

म्हातारा खो खो हसला. मग त्याला दया आली असावी. आपल्या डब्यातली एक ताजी कोळंबी काढून विलाससमोर धरली. "रुबियान. हुत, याल्ला." लाव की रे ही.

विलासने उजवा हात छातीवर ठेवून मान झुकवली. तिथे नको म्हणायची तीच पद्धत. छातीवरही तो हात हलत होता. "शुक्रन, हज्जी. आमच्यात नाही चालत," शेवटचं तो मराठीतच म्हणाला. म्हाताऱ्याने कोळंबी माझ्यापुढे धरली. मी पाण्याकडे बघत राहिलो.

पुढचा तासभर विलासने नारिंगी माशी टाकली. हात थरथरत असला तरी त्याचा झोका अजून बघत राहावा असा होता. दोरी मागे पूर्ण सुटेपर्यंत थांबायची, मग पुढे. काठी हातात आली की कंप कुठे जायचा कळत नसे. एक नाशिककर शिंपल्यात अडकून तुटला, दुसरा गेला, मग मी बांधलेला ढिसाळही गेला. विलासने दोरी गुंडाळायला घेतली.

"झालं," तो म्हणाला. आवाजात काही नव्हतं, तेच वाईट होतं. "चल. शुभांगीला सांगू, भरती बरोबर नव्हती."

माशांची डबी माझ्याकडे होती. कोपऱ्यात, गंजलेल्या गळांच्या खाली, एक वाळूच्या रंगाची माशी पडली होती. शेळीचे केस, दोन पिसं, आणि डोळ्यांच्या जागी मोरीच्या बुचाच्या साखळीचे दोन मणी. विलासची, माझ्या खोट्याच्या आधीच्या हिवाळ्यातली. पाणी तर त्या दिवशी काचेसारखं निवळ होतं. लहान आणि फिकी, ग्लेनने सांगितलेलं मलाही पाठ होतं.

"ही बांध," मी म्हणालो.

"ती? ती टाकून द्यायची राहिली. तूच बांध मग, माझ्याने ह्या थंडीत गाठ व्हायची नाही."

"चष्मा घरी राहिला माझा." चष्मा माझ्या आतल्या खिशात होता.

त्याने माशी ओठांत धरली, कोपर मांडीला टेकवलं आणि गाठ मारायला लागला. टोक भोकातून दोनदा निसटलं. अबू सालेमने दोनदा मान फिरवून आमच्याकडे पाहिलं. मी हात खिशात घालून उभा राहिलो, ते बाहेर काढू नयेत म्हणून. शेवटी त्याने गाठ थुंकीने ओली केली आणि ओढली.

माशी खडकाच्या कडेला पडली. त्याने तिला बुडू दिलं. मग चिमटीने दोरी आत घ्यायला लागला, जेमतेम वीतभर, थांबून, पुन्हा वीतभर. दोरी थांबली. टोक कुणीतरी पायाखाली दाबून धरावं तशी. विलासने काठी उचलली आणि पाणी फुटलं.

पुढचं सगळं वेडंवाकडं झालं. मासा खडकाकडे धावला, विलास मालवणीत त्याच्या आईबापांचा उद्धार करत कंबरभर पाण्यात शिरला, मी परक्या बुटांत आपटलो, आणि अबू सालेम खुर्ची लाथाडून आपली जाळी घेऊन आला. जाळीत आला तो मध्यम सोबैती, रुपेरी, कपाळावर काळसर. ओठात वाळूच्या रंगाची माशी.

अबू सालेमने त्याचं तोंड उघडून आत पाहिलं. कोळंबी नाही ना, ह्याची खात्री करून घेतली. मग विलासच्या ओल्या डोक्याचं चुंबन घेतलं.

विलास वाळूवर बसला. "नाशिककर," म्हणाला, "ही तुझी निवड हां. मला फक्त बांधता येतं. कुठली टाकायची ते तुला कळतं. तेव्हाही कळलं होतं."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. "विलास, तो पहिला मासा..."

"मोठो होतो, माहीत आसा. हो बारको. म्हणून काय रडवतंस की काय?" तो हसला, आणि मी पण हसलो. मी हसलो, हे मला अजून आठवतं.

दुपारी वहिनींनी दार उघडलं, मासा पाहिला आणि आत जाऊन सुरी धारेला लावली. जेवण झाल्यावर विलासने देऊन टाकायच्या खोक्यातून चिमटा काढून मालवणच्या खोक्यात ठेवला. नारिंगी लोकरीची अख्खी लडही ठेवली. "तिथे पहिली तुझीच टाकणार," म्हणाला. "खाडी गढूळ असते."

आता तो मालवणला आहे. रोज सकाळी घरासमोरच्या खाडीत उतरतो, असं वहिनी फोनवर सांगतात. नारिंगी माशी टाकतो, आणि काही लागलं नाही तर हाताला दोष देतो. वाळूच्या रंगाची जपून ठेवली आहे, माझी आठवण म्हणून.

हे छापून त्याच्या हाती पडण्याआधी मला मालवणला जायला हवं. त्याच्या अंगणात बसून, त्याच्याकडे बघत, एक वाक्य म्हणायचं आहे: तो मासा कोळंबीवर लागला होता आणि ती मी लावली होती. तेवढं मी त्याला देणं लागतो. अजून दिलेलं नाही.